झाडीपट्टीचा लाकडी नंदी

गोंदिया शहरापासून थोड्याच अंतरावर, कामठा गावाजवळ बिरसी हे गाव वसले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली आणि या लहानशा गावाचे नाव नकाशावर आले. मार्च २०२२ मध्ये येथून प्रवासी विमानसेवेस प्रारंभ झाला. धावपट्टीच्या कुंपणापलीकडचा मुलूख मात्र झाडीपट्टीतील कोणत्याही गावाचाच आहे. धानाच्या बांध्या, त्यांना विभागणारे धुरे, पावसाचे पाणी साठविणाऱ्या बोड्या, बांधावरचा एखादा मोह आणि दूरवर दिसणारी वनराईची काळसर रेघ, असे त्याचे रूप आहे. श्रावण महिना संपतो तेव्हा रोवणी उरकलेली असते आणि बांध्यांमधून हिरवे धान डोलू लागलेले असते. अशा वेळी, पिठोरी अमावास्येस पोळा येतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या करीला, पूर्व विदर्भातील गावोगावची मुले चाकांवर बसविलेला लाकडी बैल दोरीने ओढीत तोरणाखाली आणतात. हाच तान्हा पोळा होय.

हा लाकडी बैल, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'नंदी', बहुतेकांना खेळणे म्हणून परिचित आहे. त्याच्याकडे शिल्प म्हणून पाहण्याची सवय अद्याप फारशी रुजलेली नाही. वस्तुतः आपल्या मुलखातील माती, पाणी, झाडे आणि जनावरे यांचा अनुभव एखाद्या कारागिराने लाकडात उतरवावा, याचे इतके घरोघरी पोहोचलेले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. संग्रहालयांत त्याला जागा नाही, आणि तो घडविणाऱ्याचे नावही त्याच्यावर कोरलेले नसते.

सणाची परंपरा

तान्ह्या पोळ्याचा प्रारंभ नागपूरकर भोसल्यांच्या काळात झाला, असे परंपरेने सांगितले जाते. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा भरविला आणि पुढे ती प्रथा नागपूर प्रांतात सर्वत्र पसरली, अशी ही परंपरा आहे. वाड्यातील मुलांनाही बैलाचे महत्त्व कळावे, हा त्यामागील हेतू होता असे मानतात. खऱ्या बैलाला आवरण्याचे बळ लहान मुलाच्या अंगी नसते. परंतु आपल्या हातात कासरा असावा, ही हौस त्यालाही असतेच. या हौसेला लाकडी बैलाने वाट करून दिली.

मोठ्या पोळ्याचे सारे विधी या लहान पोळ्यात जसेच्या तसे उतरले आहेत. नंदीच्या पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग आणि समोर आंब्याच्या पानांचे तोरण असा त्याचा थाट असतो. तोरण सुटल्यानंतर मुले आपापला नंदी घेऊन घरोघरी जातात. घरातील बायका नंदीच्या पायांवर पाणी घालून त्याला कुंकू लावतात, ओवाळतात आणि मुलाच्या हाती पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला 'बोजारा' म्हणतात. हा बोजारा मुलाला आपल्या हक्काचा वाटतो, आणि त्याची मोजदाद त्या रात्री मोठ्या गांभीर्याने होते.

वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे या सणाने भव्य रूप धारण केले आहे. तेथील काही नंदी माणसाहून उंच असून ते हलविण्यासाठी अनेक जणांचे हात लागतात. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतील खेड्यांत मात्र नंदीचा आकार मुलाच्या आवाक्यात राहिला आहे. वीतभर लांबीपासून दोन-अडीच हातांपर्यंतचे नंदी येथे दिसतात. शिल्प म्हणून विचार केल्यास हे लहान नंदीच अधिक लक्षणीय ठरतात. मोठ्या नंदीत भव्यतेकडे ओढा असतो. लहान नंदीत बैल ओळखू यावा, याकडे लक्ष असते.

चिखलातला बैल

हा बैल कोणत्या मुलखातला आहे, हे समजल्याशिवाय त्याची घडण समजणार नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्यांचा आणि शेकडो मालगुजारी तलावांचा हा प्रदेश आहे. हे तलाव खोदण्यात कोहळी समाजाने दाखविलेले कौशल्य सर्वश्रुत असून नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा मानला जातो. या पाण्यावर येथील भातशेती उभी राहिली. भातशेती म्हणजे चिखलणी. पाणी साठलेल्या बांधीत नांगर फिरवून मातीचा लगदा केल्याशिवाय रोप लावता येत नाही. या चिखलात उंचापुरा, जड बैल रुततो. येथे लागतो तो अंगाने लहान, पायाने चपळ आणि खुराने टणक असा बैल.

असा बैल या भूमीनेच घडविला आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२२ मध्ये 'कठाणी' या गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. गडचिरोली जिल्ह्यातील कठाणी नदीचेच नाव या जातीस मिळालेले असून गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया हे तिचे क्षेत्र आहे. दलदलीच्या भातखाचरांत काम करण्याची क्षमता हे या जातीचे प्रमुख वैशिष्ट्य म्हणून नोंदविण्यात आले आहे. ज्या जनावरास पिढ्यान्‌पिढ्या केवळ 'गावठी' म्हणून संबोधले गेले, त्याला अशा प्रकारे शास्त्रीय ओळख मिळाली.

लाकडी नंदी आणि हा जिवंत बैल यांची तुलना करता एक गमतीचा फरक दिसतो. बाजारात येणारा नंदी बहुधा पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा आणि बाकदार शिंगांचा असतो. ते रूप वर्धा-नागपूरकडील गवळाऊ बैलाच्या किंवा शिवमंदिरातील दगडी नंदीच्या जवळचे आहे. खेड्यातील सुताराने, ज्याला या भागात 'वाढई' म्हणतात, आपल्या शेजारच्या बैलाकडे पाहून घडविलेला नंदी मात्र काहीसा ठेंगणा, छातीने भरलेला आणि मान किंचित खाली घातलेला असतो. मान खाली घातलेला बैल म्हणजे जुवाखालचा बैल. देवळातील नंदी देवाकडे पाहतो. हा बैल पाहतो ते पुढच्या तासाकडे. बाजारातील दुकानांत हा दुसरा प्रकार कमी दिसतो, कारण तो खपायला कठीण असतो. तरीही शिल्पाच्या दृष्टीने खरे निरीक्षण त्यातच आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

लाकडाची निवड

झाडीपट्टी या नावातच झाडी आहे. येथील पानझडी वनांत साग, ऐन, बीजा, धावडा, तिवस, हळदू, शिवण, सावर, मोह असे नानाविध वृक्ष आढळतात आणि गावच्या कारागिरास प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक असतो. धावडा आणि तिवस ही चिवट लाकडे गाडीचा आस आणि अवजारे यांच्या कामाची. बाभूळ नांगराची व चाकाची. मोह हा फुलांसाठी व टोळीसाठी राखायचा, त्याला सहसा कुऱ्हाड लावायची नाही. नंदीसाठी सागाला मान आहे. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि वाळल्यावर तो फारसा वाकत नाही. त्याच्या लाकडात वाळूसारखे कठीण कणही असतात. त्यामुळे हत्याराची धार लवकर बोथट होते आणि कारागिराला वारंवार सहाणेकडे वळावे लागते.

कोरीव कामाच्या दृष्टीने सागाहून सोयीचे लाकूड शिवणीचे. ते फिकट, हलके, आकाराला स्थिर आणि पटाशीखाली मऊ असते. पिवळसर हळदूचे लाकूड बारीक कणांचे असल्याने त्यात डोळा, नाकपुडी, खुराची फट असे नाजूक तपशील स्पष्ट उमटतात. सावर स्वस्त, पण कीड लवकर लागणारी. ती एका हंगामाची सोबत. लाकूड कोणतेही असो, त्याचा मधला गाभा, म्हणजे ज्याभोवती वार्षिक वलये असतात तो भाग, टाळावा लागतो. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. या असमान आकसण्यामुळे अख्खा गोल ओंडका हमखास गाभ्यापर्यंत तडकतो. म्हणून जाणता कारागीर ओंडका उभा फाडतो, गाभा बाजूला काढतो आणि सालीलगतचे पांढरे लाकूडही तासून टाकतो, कारण भुंगा प्रथम तेथेच शिरतो. उरलेला तुकडा सावलीत, हवेशीर जागी वाळवावा लागतो. उन्हात घाई केल्यास पोळ्यापर्यंत नंदीच्या पोटाला भेग पडलेली असते.

घडण

तुकड्यावर गेरूने किंवा कोळशाने बैलाची बाजूकडील आकृती काढून कामास सुरुवात होते. करवतीने जादा भाग उतरविला जातो, वासल्याने पाठ, पोट आणि वशिंड यांचे गोलवे काढले जातात, आणि त्यानंतर पटाशी व कानस यांचे काम सुरू होते. सर्वांत शेवटी काचकागद. हे सांगायला सोपे आहे. कसोटी लागते ती लाकडाच्या रेषांपाशी.

लाकूड रेषांच्या दिशेने बळकट आणि रेषांना आडवे कमकुवत असते. बैलाचे धड आडवे आहे, म्हणून रेषा डोक्यापासून शेपटीकडे जायला हव्यात. परंतु पाय उभे आहेत. एकाच ठोकळ्यातून सारा बैल कोरल्यास पायांत रेषा आडव्या येतात आणि जरा धक्का बसताच पाय मोडतो. तीच गत शिंगांची. यावर कारागिरांनी दोन उपाय शोधले आहेत. लहान नंदीत पाय जाड आणि आखूड ठेवायचे, पुढचे दोन जवळजवळ जुळलेले, मागचे दोन तसेच, आणि तळाला पाटासारखी पट्टी राखायची. मोठ्या नंदीत पाय, कान आणि शिंगे स्वतंत्र घडवून, प्रत्येकात रेषा लांबीला धरून, कुसू आणि साल यांच्या सांध्याने धडात बसवायची. लहान नंदीचे पाय जाड दिसतात ते अज्ञानामुळे, असा शहरी पाहुण्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तो लाकडाशी केलेला करार आहे. आणि त्याच जाड पायांमुळे तो बैल चिखलात रोवून उभा राहिल्यासारखा दिसतो, ही गोष्ट कारागिराच्या मनात असो वा नसो.

चाके चार. ती फळीतून कापलेली किंवा कातलेली असतात. बैलाच्या पायांना चाके असणे ही कल्पना आजची नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या प्राचीन धातुशिल्पांत दोन बैल जुंपलेला रथ आहे, तसेच चाकांवर उभे केलेले हत्ती, गेंडा आणि रेडाही आहेत. त्या शिल्पांचा आणि आजच्या नंदीचा थेट संबंध जोडता येणार नाही. परंतु जनावराला चाके लावून ओढावे, ही कल्पना याच भूमीत हजारो वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मनात आली होती, एवढे निश्चित.

इतरत्र लाकडात उतरलेला मुलूख

महाराष्ट्रातील इतर वनप्रदेशांतही लाकडी शिल्पाची परंपरा आहे आणि तिच्याशी तुलना उद्बोधक ठरते. पालघर जिल्ह्यातील वारली समाज वाघदेवाच्या लाकडी फळ्या कोरतो. त्यांवर वाघ असतो, नाग असतो, सूर्य आणि चंद्र असतात. फळीला शेंदूर लावून गावाच्या शिवेवर तिची स्थापना केली जाते आणि वाघबारसेला पूजा होते. वाघाची भीती आणि वाघावरचा विश्वास या दोन्ही गोष्टी त्या फळीत एकत्र नांदतात.

मेळघाटातील कोरकू समाज मृतांच्या स्मरणार्थ सागाचे स्मृतिफलक उभारतो. 'मुंडा' या नावाने ते ओळखले जातात. मृतात्म्यास पूर्वजांत सामावून घेण्याच्या 'सिडोली' विधीशी त्यांचा संबंध आहे. घोडेस्वार, सूर्य, चंद्र यांच्या आकृती त्यांवर कोरलेल्या असतात. मध्य प्रांतातील जातिजमातींविषयी रसेल आणि हिरालाल यांनी लिहिलेल्या, १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या विधीचे वर्णन आले आहे. वाघदेव शिवेवर उभा राहतो, मुंडा पूर्वजांच्या जागी उभा राहतो. दोन्ही पवित्र असल्याने त्यांना हात लावण्याचे नियम आहेत. तान्ह्या पोळ्याचा नंदी या दोहोंहून वेगळा. त्याची पूजा होते आणि त्याच दिवशी तो रस्त्यातून फरफटतही जातो. मूल त्याच्यावर रागावते, त्याला खाऊ भरवते, त्याचा कान मोडते.

दूरदेशीचे एक उदाहरणही येथे उपयुक्त ठरेल. बार्बरा हेपवर्थ (१९०३–१९७५) या विख्यात इंग्रज शिल्पकर्तीचा जन्म यॉर्कशायर परगण्यातील वेकफील्ड येथे झाला. त्यांचे वडील तेथील रस्ते व पूल यांच्या कामावर देखरेख करणारे अभियंता होते. वडिलांच्या मोटारीतून त्या डोंगराळ मुलखात फिरताना टेकड्या हीच आपल्याला शिल्पे वाटत आणि रस्ते त्या आकारांची कड रेखाटीत, अशा आशयाची आठवण त्यांनी पुढे नोंदविली आहे. १९३९ पासून त्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आइव्ह्‌ज या गावी राहू लागल्या. तेथे १९४६ मध्ये एल्म वृक्षाच्या लाकडातून त्यांनी 'पेलागॉस' हे शिल्प घडविले. या ग्रीक शब्दाचा अर्थ समुद्र. जमिनीच्या दोन बाहूंनी सागराला वेढावे तसा त्या लाकडाचा पोकळ आकार असून त्याच्या आत फिकट रंग आणि दोन टोकांमध्ये ताणलेल्या तारा आहेत. त्यात झाड नाही, लाट नाही, माणूस नाही. तरीही तो किनारा त्यात आहे, असे पाहणाऱ्यांना जाणवते. हे शिल्प लंडनच्या टेट संग्रहात आहे.

हेपवर्थ यांच्या शिल्पाशी नंदीची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. एक गोष्ट मात्र दोन्हींत समान आहे. मुलूख शिल्पात येतो तो देखाव्याच्या रूपानेच येतो असे नाही. तो लाकडाच्या निवडीतून येतो, हाताला झालेल्या सवयीतून येतो आणि आकाराच्या वजनातून येतो. डोंगर किंवा तलाव कोरलेला नसूनही चिखलात उभा राहू शकणारा बैल हा भातखाचरांचेच चित्र असतो.

कारागिरापुढील अडचणी

आता प्रश्न असा की, हा नंदी घडविणारा कारागीर पुढे टिकणार कसा? अडचणी दुहेरी आहेत. पहिली लाकडाची. मालकीच्या जमिनीवरील सागदेखील १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमानुसार सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडलेल्या लाकडाच्या वाहतुकीसाठी वन विभागाचा परवाना लागतो. वनांच्या रक्षणासाठी हे आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. शासकीय आगारांतील लाकूड लिलावाने, मोठ्या ढिगांनी विकले जाते. नंदी घडविणाऱ्याची गरज मात्र वर्षाकाठी काही मोजक्या तुकड्यांची. परिणामी त्याला आरागिरणीतील अथवा फर्निचरच्या कारखान्यातील उरल्यासुरल्या तुकड्यांवर भागवावे लागते, आणि नंदीचा आकार बैलावरून न ठरता तुकड्यावरून ठरतो. पूर्व विदर्भात निस्तारपत्रकाची जुनी पद्धत असून गावकऱ्यांच्या शेतीच्या व घरगुती गरजांचा त्यात विचार आहे. विक्रीसाठी केलेल्या कलाकामाचा विचार मात्र त्या काळी कोणाला सुचला नसावा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. चिखलणी आता मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरने होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. गोठ्यातून बैल गेला की पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या कमी होतात. लाकडी नंदींची हौस मात्र टिकून आहे. याचा अर्थ असा की, नंदी ओढणाऱ्या अनेक मुलांच्या घरी आज खरा बैल नाही. उद्या नंदी घडविणाऱ्याच्या अंगणातही तो नसेल. मग तो कोणाकडे पाहून कोरणार? दुसऱ्या नंदीकडे पाहून. नकलेची नकल होत गेली म्हणजे पाय, मान, खांदा यांतील जे खरे निरीक्षण असते ते आधी नाहीसे होते आणि रंगरंगोटी तेवढी वाढते. बाजारातील तयार साच्यांच्या नंदींत ही प्रक्रिया आजच दिसू लागली आहे. शंकरपटावरील बंदी उठून बैलांच्या शर्यतींना १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची मान्यता मिळाल्याने धावत्या बैलाचे दर्शन काही गावांत पुन्हा घडू लागले आहे. परंतु पटाचा बैल वेगळा आणि चिखलणीचा वेगळा.

पंचायत आणि शाळा

या बाबतीत ग्रामपंचायतीस करण्यासारखे काही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून सुतार, मूर्तिकार आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारे कारागीर हे तिन्ही त्यात येतात. योजनेत मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व पुढे २ लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज अशी तरतूद करण्यात आली. अर्जाच्या पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायत ही आहे. वर्षभर खिडक्या-दरवाजे करणारा आणि श्रावणात नंदी घडविणारा वाढई हा 'सुतार' म्हणून सहज पात्र ठरतो, मात्र त्याचे नाव पुढे आणणारे कोणी असावे लागते. कुटुंबातील एकाच व्यक्तीस लाभ मिळतो, हेही अर्ज करताना ध्यानात ठेवणे इष्ट.

पोळ्यानिमित्त गावोगावी नंदीसजावटीच्या स्पर्धा होतात. त्यांत बक्षीस मिळते ते बहुधा सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत झगमगीत नंदीला. एखादे बक्षीस घडणीसाठी ठेवले, आणि ते मुलाबरोबर कारागिराच्या नावानेही जाहीर केले, तर त्यास वेगळा निधी लागणार नाही. लाकडासाठी शिवणीची लागवड हा दीर्घ मुदतीचा, पण व्यवहार्य मार्ग आहे. सागापेक्षा ती लवकर वाढते आणि तिची फळे उन्हाळ्यात झाडाखालीच वेचता येतात. शाळेच्या कुंपणालगत लावलेल्या दहा-पंधरा झाडांतूनही गावाची नंदीची गरज काही वर्षांनी भागू शकेल.

शिक्षकांच्या दृष्टीने २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील एक तरतूद उल्लेखनीय आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे, असे त्यात सुचविले आहे. झाडीपट्टीतील शाळांना यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. वाढयाच्या ओसरीवर एका नंदीच्या निमित्ताने लाकडाची वलये, सांध्यांचे भूमितीय माप, बैलाची शरीररचना आणि गावातील झाडांची नावे हे सारे विषय एकत्र येतात. त्याआधी एक दिवस मुलांना गावातील कोणाच्या तरी गोठ्यात नेऊन खऱ्या बैलाचे पाय, खूर आणि मान यांचे रेखाटन करावयास लावले, तर ती रेखाटने पुढे कारागिरालाही उपयोगी पडतील.

नंदीची निगा

सण संपला म्हणजे नंदी पूर्वी स्वयंपाकघरावरील माळ्यावर जात असे. चुलीचा धूर त्याला वर्षभर लागे, त्यामुळे भुंगा लागत नसे आणि लाकूड कोरडे राही. चुलींची जागा गॅसने घेतल्यानंतर हे अनायासे होणारे संरक्षण संपले. आता नंदीस वर्षातून एकदा जवसाचे तेल लावणे हा सोपा उपाय आहे. धानाच्या उभ्या पिकात उतेरा पद्धतीने लाखोळीबरोबर जवस पेरण्याची येथील रीत जुनीच आहे. जवसाचे तेल हवेत सुकून लाकडावर पातळ थर धरते. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही, ते चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते. रंग न दिलेल्या नंदीला फडक्याने तेलाचा पातळ हात द्यावा, पूर्ण सुकू द्यावा आणि मग दुसरा हात द्यावा. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. उन्हात पसरून वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. मोडलेला कान वा शिंग त्याच जातीच्या लाकडाचे, रेषा लांबीला धरून, नवे बसवून घ्यावे. चाके दर दोन-तीन वर्षांनी झिजतात, आणि ती बदलण्यासाठी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यातच वाढयाकडे जाणे बरे. पुढे त्याच्या ओसरीवर गर्दी होते.